मोबाईलची चटणी

बाई चाखायला पुढे आली की निम्मा मिक्सर खपला. हे मला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही, माझं मी शोधून काढलं.

वाशीला एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी मिक्सरच्या काउंटरला असायची. पगार मिक्सरवाल्या कंपनीचा, हुकूम दुकानाच्या शेठचा आणि पाय माझे. सकाळी एप्रन बांधायचा, घरून आणलेलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर, डाळं मांडायचं आणि दुकान बंद होईस्तोवर चटणी वाटायची. डेमो म्हणतात त्याला. डोक्यावर घालायला कंपनीने एक टोपीही दिली होती, ती मी एकदाही घातली नाही. अंबाड्यावर टोपी घालून मी काय क्रिकेट खेळायला उभी होते?

तर चटणी. चटणीत मी मीठ मुद्दाम कमी घालायची. समोरून नवरा-बायको चालले असले की बाईकडे बघून म्हणायचं, ‘ताई, जरा मीठ बघता का? मला आज कळतच नाहीये.’ बाई मिक्सर घ्यायला आलेलीच नसते, ती फ्रिज नाहीतर टीव्ही बघायला आलेली असते. पण दुसरीच्या हातचं मीठ बघायला सांगितलं आणि नको म्हणून निघून गेली, अशी बाई मला भेटलेली नाही. हात पुढे येणारच. आधी मी माझ्या डाव्या तळव्यावर चिमूटभर घेऊन जिभेला लावायची, ‘मला तर कमी वाटतंय’ म्हणायची, आणि मग त्यांच्या हातावर. ‘हो हो, कमीच आहे!’ बाई खूश. मग मी मीठ घालायची, बटण उलट्या बाजूला फिरवून एक झटका द्यायची आणि बोलता बोलता जार त्यांच्या हातात द्यायची. जार हातात आला की बाई वजन बघते, झाकण लावून बघते, आणि मग नवऱ्याकडे बघते. नवऱ्याकडे बघितलं की आपण बिलाच्या टेबलाकडे बोट दाखवायचं.

हे सगळं सुखाने चाललं होतं. मग कंपनीच्या लक्षात आलं की लोक मिक्सर फोनवरूनच मागवतात, तर डेमोवाल्या बायका पोसायच्या कशाला? एकेक काउंटर बंद व्हायला लागला. पनवेलची गेली, नेरूळची गेली, ठाण्याच्या दोघी एकाच दिवशी गेल्या. मला सांगण्यात आलं, ‘तुमचं दिवाळीपर्यंत बघू.’ मुलगी बघून गेलेली माणसं ‘कळवतो’ म्हणतात ना, तसलं ते बघू. मला काय कळत नाही?

मला तो काउंटर सोडायचा नव्हता. पगाराचं होतंच, खोटं कशाला बोलू. पण नुसतं पगाराचं नव्हतं. घरी माझं कोण ऐकतं? नवरा माथाडी, इतकी वर्षं बाजारात कांद्याची पोती उचलतोय, तो माणूस बोलतो मोठ्याने आणि ऐकतो त्याला हवं तेवढंच. मुलगी लग्न होऊन खारघरला गेली, तिला माझा प्रत्येक शब्द जुना वाटतो. आणि इथे शिकलेल्या, गाडीतून उतरलेल्या बायका माझ्यापुढे हात करून उभ्या राहायच्या. ‘ताई, वाटण पाणी घालून करायचं की बिनपाण्याचं?’ असं मला विचारायच्या. मला आवडायचं ते. फार आवडायचं.

पावसाळा संपता संपता कंपनीच्या ऑफिसातून मार्केटिंगचे सर आले. वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण सर ते सर. बरोबर एक कॅमेरावाला होता. सर मला म्हणाले, ‘मावशी, आपल्याला व्हायरल व्हायचंय.’

मावशी म्हटलं की माझं डोकंच सणकतं. गिऱ्हाइकं मला ताई म्हणतात, शेठ बेन म्हणतात, ह्या पोराची मी मावशी कुठून झाले? पण दिवाळी डोक्यात होती, म्हणून गप्प बसले. ‘म्हणजे करायचं काय?’ विचारलं.

‘परदेशात लोक करतात. मिक्सरमध्ये मोबाईल टाकायचा आणि पावडर करायची. लोक वेडे होतात बघून! आपल्याकडे ते अगदी आईसारखी दिसणारी बाई करतेय असं दाखवायचं. घरगुती टच.’

‘कुठल्या घरात आई मोबाईल वाटते?’

‘तेच तर, मावशी! तेच तर!’

‘आणि हे केलं की माझा काउंटर राहणार?’

‘व्हिडिओ चालला, तर वरचे लोक तुमच्या काउंटरला हात लावणार नाहीत,’ सर म्हणाले. ‘टेन्शनच घेऊ नका.’

एवढं ऐकलं आणि मी एप्रनची गाठ घट्ट केली.

सरांनी खिशातून मोबाईल काढला. बंद पडलेला, पण काय चकचकीत! काचेवर एक ओरखडा नाही. माझ्या फोनची काच मुलीच्या लग्नाच्या गडबडीत तडकली, तिला चिकटपट्टी लावून मी दिवस काढतेय, आणि हा तुकतुकीत फोन मिक्सरात घालायचा? मला काही सहन होईना. म्हटलं, ‘सर, हा दुरुस्त होत असेल हो. आपण दुसरं काहीतरी वाटू. माझ्या घरी बंद पडलेलं घड्याळ आहे, रिमोट आहे, इस्त्रीसुद्धा आहे.’

‘मावशी, इस्त्री जारमध्ये जाईल का?’

‘तुमचा मोबाईल तरी कुठे जातोय?’

आणि खरंच जात नव्हता. चटणीच्या जारात तो आडवा बसेना, मोठ्या जारात उभा राहिला तर डोकं बाहेर, झाकण लागेना. सर जाराकडे बघतात, कॅमेरावाला सरांकडे बघतो. परदेशातले मिक्सर म्हणे बादलीएवढे असतात. असतील. मला राहवेना. ‘अहो, सुकं खोबरं कुणी अख्खं घालतं का? आधी ठेचून घ्या की!’ शेठकडून हातोडी मागवली. बॅटरीने आग लागते म्हणून ती दुकानातल्या मेकॅनिकने आधीच काढून ठेवली होती. उरलेला मोबाईल मी जाड फडक्यात गुंडाळला, साडी सावरून खाली बसले आणि ठेचायला लागले. पहिला घाव घालताना जीव खाली-वर झाला. दुसऱ्या घावापासून बरं वाटायला लागलं. सरांनी जेवढ्या वेळा मावशी म्हटलं होतं, तेवढं सगळं त्यात निघालं.

मग कॅमेरा लावला. सरांनी मला डोळ्यांवर मोठा चष्मा चढवायला दिला आणि म्हणाले, ‘तुम्ही रोज जसं करता तसंच करा. काही वेगळं करू नका. अगदी रोजच्यासारखं.’

चूक झाली ती इथे झाली, आणि ती माझी नव्हे. रोजच्यासारखं करा, असं मला स्पष्ट सांगितलं होतं.

तुकडे जारात घातले. झाकणावर तळवा दाबून धरला आणि बटण एकावर फिरवलं. देवा रे, काय तो आवाज! स्टीलच्या डब्यात खडी भरून कुणी हलवतंय असा. फ्रिज बघणारी माणसं पळत आली, वरच्या मजल्यावरची जिन्यात येऊन वाकली, शेठ गल्ल्यावरून उठले. मी बटण दोनावर नेलं, मग तीनावर. हळूहळू आवाज बारीक होत गेला. वाटण होत आलं की आवाज बदलतो, ते कानालाच कळतं, मग जारात खोबरं असो की मोबाईल. बंद केलं. जरा थांबले. झाकण काढून कडेला चिकटलेलं चमच्याने खाली ओढलं, परत झाकण, उलट्या बाजूला एक झटका. झाकण उघडलं तर आत करड्या रंगाची भुकटी, मधे मधे चमचमतेय. कॅमेरावाला जवळ आला. सर तोंडावर हात ठेवून आनंदाने हलत होते.

आणि इतक्या वर्षांची सवय हो, काय सांगू. माझा हात आपोआप चमचा घेऊन डाव्या तळव्यावर आला. मी चिमूटभर घेतलं, जिभेला लावलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, ‘मला तर मीठ कमी वाटतंय. जरा बघता का?’

आणि हात पुढे केला.

जिन्यातली माणसं आणखी खाली वाकली. मग सर किंचाळले, ‘थुंका! मावशी, थुंका!’ कॅमेरावाला पाण्याची बाटली घेऊन धावला, शेठ ‘अरे बाप रे, अरे बाप रे’ करत गल्ल्याच्या चाव्या शोधायला लागले. मी थुंकले, चुळा भरल्या, पदराने जीभ पुसली. पण कहर सांगू? समोर गर्दीत उभ्या असलेल्या एका बाईने हात पुढे केला होता. मीठ बघायला! तिच्या नवऱ्याने तो वरच्या वर धरला म्हणून बरं.

शेठ मला स्वतःच्या गाडीतून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय झालं?’

‘मोबाईल खाल्ला,’ मी म्हटलं.

‘कधी?’

‘आत्ताच. चिमूटभर.’

डॉक्टरांनी टॉर्च लावून जीभ बघितली, हिरड्या बघितल्या, पुन्हा चुळा भरायला लावल्या. म्हणाले, पोटात काही गेलेलं दिसत नाही, काही त्रास झाला तर लगेच या. मग पेन खाली ठेवलं आणि हळूच शेठना विचारलं, ‘कुठला होता?’ शेठनी मॉडेल सांगितलं. ‘अरेरे,’ डॉक्टर म्हणाले. इतका वेळ मला तपासत होते, पण अरेरे मोबाईलसाठी.

दुकानात घाबरून पांढरे पडलेले सर दुसऱ्या दिवशी फोनवर नाचत होते. थुंकण्याचा भाग कापून त्यांनी व्हिडिओ टाकला होता आणि तो म्हणे आगीसारखा पसरत होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळलं ते नवरा बाजारातून आला तेव्हा. घणसोली गावात आम्ही भाड्याने राहतो, गल्ली एवढी अरुंद की कोपऱ्यावर बोललेलं घरात ऐकू येतं. तो कोपऱ्यावरूनच ओरडत आला, ‘आगं ए! मार्केटात समद्यांच्या फोनवर तूच हायस! हमाल काय, व्यापारी काय, समदी मला इचारत्यात, वहिनींना मिठाचं पोतं पाठवू का म्हनून!’ आत आला, माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि आपला फोन काढून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. ‘आता तुझ्यासंगं भांडताना इचार कराय पायजे.’

त्याचा आवाज ऐकून वरून घरमालकीण उतरली. ती इथलीच, आगरी, माझ्याहून मोठी, मला लेकीसारखं बोलते. ‘काय गो बाय, मोबाईल वाटलास तो वाटलास, चव कशाला घेतलीस?’

‘सवय हो, आई.’

‘आनि तो मिक्सर आता कोन घेल?’

‘का नाही घेणार? मोबाईलची पावडर करतो म्हणजे बघा किती मजबूत आहे.’

‘मजबूत हाय गो. पन ज्यान मोबाईल वाटला त्यान मी माजा मसाला वाटू? मना नको.’

मी हसले तेव्हा. म्हटलं, जुनी माणसं.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. ‘तब्येत बरी आहे ना आता?’ मी म्हटलं, छान आहे. ‘नाही, म्हटलं विचारावं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय ते. घरी जेवणखाण व्यवस्थित आहे ना सगळं?’ म्हणजे मुलीच्या घरच्यांना वाटलं, अन्न मिळत नाही म्हणून मी मोबाईल खाते! त्यानंतर मुलीचा फोन. ‘आई, माझ्या ऑफिसात सगळे तुझा व्हिडिओ बघत होते. मी सांगितलंच नाही की तू माझी आई आहेस.’ मी फोन ठेवायला गेले. तेवढ्यात तीच म्हणाली, ‘मग सांगितलं. मग सगळ्यांना चहा पाजावा लागला.’ त्या दिवशी मला वाटलं, चला, काउंटर वाचला.

काउंटरला तर जत्रा भरायला लागली. पण माणसं मिक्सर बघायला येत नव्हती, वाटून घ्यायला येत होती. एक बाई नवऱ्याचा फोन हिसकावून घेऊन आली, तो बिचारा मागून धावतोय. ‘ताई, हा एवढा बारीक करून द्या. बाथरूममध्येसुद्धा घेऊन जातात हो!’ एक आजोबा आले, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. मुलाने अमेरिकेतून पाठवलेलं. ‘दर तासाला मला उठून उभा राहा म्हणतं. मी ह्या वयात घड्याळाचं ऐकू? घाला आत.’ मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घड्याळाचं ते बोलणं बंद करून दिलं. कॉलेजची पोरंपोरी यायची, मला मधे घेऊन फोटो काढायची आणि म्हणायची, ‘काकू, एकदा बोला ना, मीठ कमी.’ शेवटी मी शेठच्या मागे लागून पाटीच लावून घेतली: इथे फक्त अन्नपदार्थ वाटले जातात.

पण अन्नपदार्थ खाणार कोण? खरी गोची तिथेच झाली. बायका यायच्या, हसायच्या, ‘तुम्हीच ना त्या?’ म्हणायच्या. मी ताजी चटणी वाटून हात पुढे केला की त्यांचा हात अर्ध्यापर्यंत यायचा आणि मागे जायचा. ‘याच्यातच... ते केलं होतं का हो?’

‘नाही हो ताई, तो जार वेगळा. तो तर टाकूनसुद्धा दिला.’

‘हं. नको, राहू दे. आत्ताच जेवून आलो.’

सकाळी अकरा वाजता! एकीने तर मुलाला मागे ओढलं, जणू मी त्याच्या तोंडात सिमकार्ड कोंबणार होते. घरमालकीण बरोबर बोलली होती. आपल्या बायकांना मिक्सर मजबूत हवा, पण त्यात नको ते गेलं की तो बाटलाच, मग तुम्ही तो गंगेत धुऊन आणा. आणि मिक्सरचं सोडा हो, माझ्या हातावरचं आजवर कुणी नाकारलं नव्हतं. तळव्यावर चटणी घेऊन मी तशीच उभी राहायची आणि ती मलाच खावी लागायची. एका दुपारी मला रडू आलं. सरळ रडूच आलं. मी मिरच्या चिरायला घेतल्या, म्हणजे कुणी काही विचारायला नको.

सरांना फोन करून सांगितलं, ‘सर, इथे एक मिक्सर जात नाहीये.’

‘मावशी, दुकानाचं काय घेऊन बसलात? ऑनलाइन धडाधड जातायत! वरचे लोक तुमच्यावर जाम खूश आहेत. तुम्ही आता महापेच्या ऑफिसला या, आपण मोठं शूटिंग करू. सगळं काउंटरसाठीच आहे.’

काउंटरसाठी म्हटल्यावर मी मुलीच्या लग्नातली साडी काढली. महापेला एका खोलीत हिरवा पडदा लावलेला, दिवे असे की डोळे दिपावेत. एका मुलीने माझ्या तोंडाला पावडर लावली. आधी मी रिमोट वाटला, कॅल्क्युलेटर वाटला, कानात घालायच्या त्या बोंडांची जोडी वाटली. ह्या वेळी सर चमचा हातात धरूनच उभे होते, मला चाटू देईनात. मग म्हणाले, ‘आता फक्त बोला, मावशी. गिऱ्हाईक काय काय विचारतं आणि तुम्ही काय सांगता, सगळं सांगा.’

मी सांगितलं. शेंगदाण्याचं कूट थांबून थांबून फिरवायचं, नाहीतर तेल सुटतं. इडलीला उडीद गार पाण्याने वाटायचे. आल्या-लसणात पाणी नाही, चमचाभर तेल घालायचं. झाकण नीट बसलं नाही तर भिंतीवर पन्ह्याचे डाग पडतात, ते कसे काढायचे तेही सांगितलं. सर मान डोलावत होते, ‘अजून? अजून काही?’ विचारत होते. उभ्या आयुष्यात माझं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं हो. मला चेव चढला. मीठ कमी घालायची युक्ती मी ठाण्याच्या दोघींनाही कधी सांगितली नव्हती, ती सरांना सांगितली आणि हात पुढे करून दाखवलीसुद्धा. घसा बसेस्तोवर बोलले. घरी आले ती नवऱ्याला म्हटलं, ‘काउंटर राहिला माझा.’ तो उठला, चप्पल पायात सरकवली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन पेढे घेऊन आला. अर्धे वर घरमालकिणीकडे दिले.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मी नारळ-मिरच्यांची पिशवी घेऊन दुकानात शिरले, तर माझ्या काउंटरवर टीव्ही. माणसाएवढा, उभा. त्यात मी. लग्नातली साडी, तोंडाला पावडर, आणि मी म्हणतेय, ‘शेंगदाण्याचं कूट थांबून थांबून फिरवायचं.’

शेठ खाली मान घालून म्हणाले, ‘बेन, कंपनीने सगळ्या दुकानांत लावलेत. तुम्हाला मेसेज नाही आला?’

आला होता. काल रात्री आला असणार, मी बघितला नव्हता. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार, एप्रन आणि ओळखपत्र दुकानात जमा करावे.

मी तिथल्या तिथे सरांना फोन लावला. ‘तुम्ही म्हणाला होतात, काउंटरला हात लावणार नाहीत.’

‘मग कुठे लावला, मावशी?’ सर खरंच खुशीत होते, थट्टा करत नव्हते. ‘काउंटर आहे ना तिथेच! उलट आता पनवेलला तुम्ही, ठाण्याला तुम्ही, पुण्यालासुद्धा तुम्हीच. एकाच वेळी! जेवायला नको, सुट्टी नको. विचार करा!’

मी विचार केला. मग म्हटलं, ‘मी तुमची मावशी नाही,’ आणि फोन ठेवला. पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

खांबाआड जाऊन एप्रन सोडला. त्याची घडी घातली, वर ओळखपत्र ठेवलं.   मी तिकडे बघणार नव्हते, पण बघितलं. टीव्हीतल्या बाईचं मस्त चाललं होतं. तिला उभं राहून पाय दुखत नव्हते.

तेवढ्यात एक जोडपं आलं. मुलगी नवी नवरी दिसत होती, हातात अजून हिरवा चुडा. ती टीव्हीपुढे उभी राहिली आणि चक्क टीव्हीलाच विचारलं, ‘ह्याच्यात पुरण होतं का हो?’

टीव्हीतली मी म्हणाली, ‘आल्या-लसणात पाणी नाही, चमचाभर तेल घालायचं.’

‘नाही, पुरण. पुरणपोळीचं.’

‘मला तर मीठ कमी वाटतंय. जरा बघता का?’ टीव्हीतल्या बाईने हात पुढे केला. ती मुलगी त्या हाताकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे बघितलं. तोही गोंधळला. दोघं निघायला वळली.

नोकरी गेलेली होती, एप्रन सुटलेला होता, मला काय करायचं होतं? पण तोंड गप्प राहील तर ना. ‘होतं!’ मी खांबाआडून ओरडले. ‘उत्तम होतं. फक्त डाळीचं पाणी पूर्ण निथळून घ्या आणि गरम आहे तोवर फिरवा. गार झाली की गोळा बसतो आणि मिक्सरला शिव्या बसतात.’

तिने वळून माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, परत माझ्याकडे. ‘अय्या! तुम्ही खऱ्या आहात? आम्हाला वाटलं, एआय आहे!’

‘हात लावून बघा,’ मी म्हटलं. रागानेच म्हटलं.

तिने खरंच लावला. माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. ‘मग मला सांगा ना, माझ्या सासूबाई म्हणतात मिक्सरच्या चटणीला चवच येत नाही. पाट्यावरचीच हवी.’

‘कोण म्हणतं येत नाही?’

पिशवी मी टीव्हीच्या पुढ्यात ठेवली. खोबरं काढलं, मिरच्या काढल्या, कोथिंबीर निवडली. टीव्हीमागे सारलेल्या मिक्सरचा जार धुऊन, पुसून, तिला आतून दाखवला. बटण एकावर, दोनावर, थांबले, कडेचं खाली ओढलं, उलटा झटका. झाकण काढलं. तळव्यावर घेऊन हात पुढे करायची मात्र माझी हिंमत झाली नाही. मी नुसतीच जाराकडे बघत उभी राहिले. त्या पोरीने कसलाही विचार न करता सरळ जारात बोट घातलं, चाटलं आणि पुन्हा घातलं. ‘अहो, तुम्ही पण बघा ना,’ ती नवऱ्याला म्हणाली.

फ्रिजपाशी उभ्या असलेल्या दोन बायका जवळ आल्या. एकीने विचारलं, ‘ह्याच्यात हळद होते का हो घरची?’ मी तिला हळदीचं सांगायला लागले, आणि मागून टीव्हीतली मी कुटाचं सांगायला लागले. दोघी एकदम बोलायला लागल्यावर कुणालाच काही ऐकू येईना. शेठ गल्ल्यावरून उठले. मला वाटलं, आता मला जा म्हणणार. ते काउंटरपाशी आले, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. तिथे माझं तोंड हलत राहिलं. आवाज इथून येत होता.